ताकेबेचा ट्रक

हात्सुनोमावशीनं नव्या पुलाला शाप दिलाय, मरेपर्यंत ती त्यावर पाऊल ठेवणार नाही, असं आमच्या कुरोसे बंदरात जो तो सांगायचा. साफ खोटं. पूल खुला झाला त्याच आठवड्यात ती भाच्याच्या गाडीत बसून पलीकडे जाऊन आली होती.

आमचा हमरस्ता धक्क्यावरून थेट समुद्रात उतरतो आणि समोरच्या बेटावर तोच नंबर घेऊन वर निघतो. मधल्या पाण्यावर फेरीबोट, आणि बोटीवर मावशीचं उदोनचं दुकान. भोंगा झाला की ती जाड्या शेवया उकळत्या पाण्यात सोडायची; ट्रकवाले गाडी लावून जिना चढेपर्यंत वाडगा तयार. बोट जगायची ट्रकांच्या भाड्यावर आणि मावशी बोटीवर. म्हणून पुलाचे खांब उभे राहू लागले तेव्हा तिनं एकेका ट्रकवाल्याला विचारून घेतलं, पूल झाला तरी बोटीनंच येणार ना. मासळीच्या ट्रकवरचा ताकेबे तर सूप भुरकता भुरकता म्हणाला, "मावशी, पूल सोन्याचा बांधू देत. मी आपला बोटीनंच."

"खा मुकाट्यानं," मावशी म्हणाली, आणि त्याच्या वाडग्यात तळलेला टोफू जास्तीचा टाकला.

भाच्याबरोबर गेली तेव्हा पुलापलीकडच्या खाण्याच्या थांब्यावर तिला दिसला तो हाच ताकेबे. उभ्याउभ्याच सूप पीत होता, ट्रक बाहेर चालूच. मावशीनं हाक मारली नाही. तेच सूप मागवलं, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि भाच्याला एवढंच म्हणाली, की खारट आहे. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर ताकेबेच्या वाटणीच्या शेवया तिनं सोडल्याच. त्या फुगल्या. मग सीगलना घातल्या. असं वर्षभर.

शेवटी बोट बंद होणार असल्याची पाटी लागली. मी मावशीला म्हटलं, शेवटच्या फेरीला तरी ताकेबेचा ट्रक येणार, लाव पैज. बोटीवर मी तिच्या आवाजाची नक्कल करून सगळ्यांना हसवायचो; हरलो तर ती कायमची बंद.

"तो येईल," मावशी म्हणाली. "ट्रक नाही येणार."

शेवटच्या फेरीला बोटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यानं त्यानं कॅमेरा आणलेला. ट्रकांच्या जागेत लोक उभे होते. ताकेबे इस्त्रीचा शर्ट घालून, बायको-मुलीला घेऊन पायीच चढला. मावशीच्या खांद्यावर हात टाकून त्यानं वाडगा फोटोत येईल असा धरला.

"मावशी, जरा हसा की."

ती हसली. फोटो छान आला म्हणतात. त्या दिवसापासून मी तिचा आवाज काढलेला नाही.