कोणी मेल्याशिवाय डाक वाजत नाही

टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरचे आजोबा डाक वाजवतात, डमरूसारखं एक वाद्य. कोणी गेलं की दिवसकार्याला त्यांना बोलावणं येतं. ते डाक वाजवत, गात मेलेल्याला घरी आणतात आणि त्याच्या मनात काय राहिलं ते विचारतात. एरवी ती डाक फडक्यात बांधून आढ्याला टांगलेली असते.

गुडघे गेल्यापासून त्यांना आमच्या शेतावरची मजुरी होत नव्हती. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार मानधन देतं, म्हणून त्यांचा अर्ज मी मोबाइलवर भरला. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी साहेबांशी बोलेल, असं माझ्या आईने त्यांना परस्पर सांगून टाकल्यामुळे मुरबाडला निवड समितीपुढेही मीच त्यांच्यासोबत गेले.

"वाजवा बाबा," समितीतले एक जण म्हणाले.

"मेलाय कोन?"

सगळे हसले. "कोणी नाही. असंच, थोडंसं."

"मंग कुनाला बोलवू? उगा वाजवली तर कोनतरी जातं, साहेब."

"आमच्या मेव्हण्याला न्या!" दुसरे म्हणाले.

पुन्हा हशा झाला. आजोबांनी फडक्याची गाठ सोडली नाही. ही त्यांची रीत आहे, एवढं मी कसंबसं बोलले. शेवटी अध्यक्षांनीच मार्ग काढला. महिनाअखेरपर्यंत कुठे मयत झाली, तर तिथला व्हिडिओ पाठवा, यादीत नाव घेऊ. ते मनापासून मदत करत होते.

मग आम्ही वाट पाहू लागलो. कशाची, ते दोघंही बोलत नव्हतो. त्यांच्या शेजारच्या पाड्यावर एक म्हातारी अंथरुणाला खिळली होती. मी फोन चार्ज करून ठेवायचे.

एका सकाळी आजोबा आमच्या दारात आले. "तिनं काल पेजपन नाय घेतली," म्हणाले आणि एकदम थांबले. "काय सांगाय आलो मी तुला! जळला माझा तोंड." पाणीही न पिता ते परत गेले.

महिना संपत आला तेव्हा ते नाक्यावर भेटले. "उठली गो म्हातारी! बघाय गेलो तर मलाच म्हनते, आलास काय डाक घेवून? जा, अजून टाइम हाय."

ते खूप हसले. मग एसटीच्या थांब्यावर बसले.

"आता यंदा नाय जमायचा ना?"

"नाही."

"बरा झाला," ते म्हणाले. त्यांची एसटी आली आणि निघून गेली, तरी ते उठले नाहीत.