सूज उतरल्यावरचं दुखणं

दोन हजार सालाच्या आसपास मी नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करत होते. विषय होता, सुजेमुळे दीर्घकाळ टिकणारी वेदना. ती सोसायला पांढरे उंदीर होते. मीच त्यांच्या मागच्या पंज्यात सूज आणणारं औषध टोचायचे. मग काचेवर ठेवून खालून उष्णता द्यायची आणि उंदीर किती सेकंदांत पाय उचलतो ते मोजायचं.

काही आठवड्यांनी पंजे दिसायला नीट झाले, तरी उंदीर पाय झटकन उचलतच राहिले. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "सूज गेली म्हणजे दुखणं गेलं असं नाही. मज्जारज्जूतल्या पेशींवरचे वेदनेचा निरोप घेणारे रिसेप्टर एकदा चेकाळले, की साध्या उबेचीही आग होते." ते रिसेप्टर अडवणारं औषध दिलं की तेच उंदीर निवांत व्हायचे. मला ते फार सुंदर वाटायचं.

त्याच वर्षी आईचं मनगट सुजलं. सायखेड्याकडच्या बागांत द्राक्षांच्या विरळणीला ती वर्षानुवर्षं कात्री चालवत होती. इंजेक्शननं सूज उतरली, ठणका मात्र राहिला.

"हात तर चांगला दिसतोय," वडील म्हणाले. "कामाचा कंटाळा आलाय तिला."

आईनं माझ्याकडे बघितलं. "तू तर दुखण्याचंच शिकती ना? लय ठणकतंय गं."

मी प्रबंधाची पानं लावत होते. "मनावर घेऊ नकोस आई. होईल कमी."

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "उंदराला दुखतंय हे कशावरून ठरवलंत?"

"तो पाय मागे घेतो, सर."

उत्तर बरोबर होतं. आई हात मागे घेत नव्हती, एवढंच.

सहा-सात वर्षांनी एका डॉक्टरांनी तिला नसांवरच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात ठणका बराच कमी झाला. तोवर कात्री चालवून आखडलेली बोटं मात्र सरळ झाली नाहीत.

"म्हणजे खरंच दुखत होतं हिला?" वडील चकित झाले.

मी उत्साहानं त्यांना रिसेप्टर समजावून सांगू लागले. आईनं मध्येच विचारलं, "हे तुला तवाच ठावं होतं?"

"हो."

त्यानंतर तिनं मला कुठलंच दुखणं सांगितलं नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याचंही मला शेजारच्या काकूंकडून कळलं.