खाली ठोकलेली फळी

आज दूध उतू गेलं, आणि त्या करपट वासासरशी मी श्रीरामपूरच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

चर्चमधला पियानो वाळवीने पोखरला, तेव्हा सुतारकाम करणाऱ्या माझ्या वडिलांनी तो खोलला. त्याच्या पितळी पेडलांच्या मुठी होऊन दारांना लागल्या. पट्ट्यांवरचं लांब काळं झाकण तेवढं शाबूत निघालं, त्याची त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात फळी केली. दर रविवारी तो पियानो आईच वाजवायची.

"अहो, इतक्या खाली कुनी फळी ठोकतं व्हय? सुतार असून माप चुकलं तुमचं," आई म्हणाली.

"राहू दे की," एवढंच ते बोलले.

मग एका सकाळी दूध तापत ठेवून आई त्या फळीपुढे स्टुलावर बसली. खिडकीतून कोवळं ऊन तिच्या हातांवर आलं होतं. ओली बोटं काळ्या लाकडावर हलकेच फिरत होती, आवाज न करता. दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नाही. वडील आले, त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि तिच्या बोटांकडे बघत, ती वाजवत होती तेच चर्चमधलं गीत हळू गुणगुणू लागले. वाया गेलेल्या दुधाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, मला तेव्हा त्याचंच नवल वाटलं.

दोघांच्या माघारी ते घर रिकामं करताना मी तिचं स्टूल ओढून फळीपुढे बसले. खांदे सैल सोडले, कोपरं वाकवली. हात पियानोच्या पट्ट्यांवर यावेत, तसे अलगद फळीवर आले.