मामांच्या घरचा वित्त आयोग

दिल्लीने राज्यांवर केलेला अन्याय आमच्या हिच्या मामांइतका जिवाला लावून घेतलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. खुद्द मुख्यमंत्र्यांनासुद्धा एवढं वाटत नसेल! मामा अमरावतीला कोषागारात होते. त्यांनी ऑफिस सोडून बारा वर्षं झाली, ऑफिसनं मात्र त्यांना अजून सोडलेलं नाही. आम्ही अकोल्याहून गेलो, की चपला काढायच्या आत सुरू होतात. "जवाईबापू, दिल्ली पैसे देते, पन कशी? नळाचे पैसे नळालेच लावा, रस्त्याचे रस्त्यालेच! आता सांगा, गावात नळ हाय, रस्ता नाही, तं लोकायनं काय नळावरून चालाचं?" या विषयावर त्यांची पत्रं पेपरात छापून येतात आणि मामी प्रत्येक कात्रण कपाटात जपून ठेवतात.

घरात मात्र हा माणूस दिल्लीचाही बाप. पेन्शन आली की मामींच्या हातात पाकिटं पडतात: दूध, भाजी, किराणा, औषधं. एका पाकिटातला रुपया दुसऱ्यात गेलेला चालत नाही. एकदा आम्ही सकाळीच पोचलो, तर दुधाचं पाकीट रिकामं. "भाजीतले उरले हायेत, त्यातून दूध आनते," मामी म्हणाल्या. "काहून? उद्या ऑडिट आलं तं?" मामा कडाडले. ऑडिट करणारे तेच, बाप्पा! शेवटी चहाऐवजी आम्ही सकाळी आठ वाजता ताटभर पालकाची भजी खाल्ली. मार्च आला की सगळं उलटं. निधी पडून राहू नये म्हणून एकतीस तारखेला मामा स्वतः पिशवी घेऊन बाजारात धावतात. एका वर्षी किराण्यात उरलेल्या पैशांची त्यांनी मोहरीच मोहरी आणली. आमच्याकडे अजून तिचीच फोडणी पडते. "पण मामा, निधी परत जाणार तरी कोणाकडे?" मी विचारलं. "माह्याकडेच," ते म्हणाले, "पन वापस गेला तं पुढच्या साली कमी भेटते नं!"

मामींचं मागणं तसं फार नव्हतं. साडी मागितली तर साडी मिळाली, बांगड्या मागितल्या तर बांगड्या. "पन थोडे पैसे असे द्या, का कायले पायजे ते सांगा लागनार नाही," एवढंच त्या लग्न झाल्यापासून म्हणत होत्या. नेमकं तेवढंच मिळत नव्हतं.

दर पाच वर्षांनी मामा घरात वित्त आयोग नेमतात. गेल्या खेपेला अध्यक्ष मी. "तुमी बाहेरचे, कोनाची बाजू घेनार नाही." जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मामी साक्षीला आल्या त्या कात्रण घेऊनच. चष्मा लावून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'ज्याला गरज कळते, त्यालाच खर्चाचा अधिकार हवा. राज्ये भिकारी नव्हेत, भागीदार आहेत.' हे कोनी लिवलं?"

मामांनी मान खाली घातली. "मीच."

"मंग?"

असली साक्ष मी जन्मात ऐकली नव्हती. मी तिथल्या तिथे शिफारस केली: दर महिन्याला एक पाकीट कोरं द्यावं, त्यावर काहीही लिहू नये आणि त्याचा हिशोबही मागू नये. मामांनी ती "तत्त्वतः मान्य" केली. पाकीट निघायला सहा महिने लागले, पण सरकार म्हटलं की तेवढे लागायचेच.

कोरं पाकीट हातात पडलं आणि दुसऱ्याच दिवशी मामी शेजारणींबरोबर कौंडण्यपूरच्या जत्रेला निघून गेल्या. दुपारी मला मामांचा फोन आला. "जवाईबापू, हिशोब मांगता येत नाही नं मले?"

"नाही, मामा."

"बरं." फोन बंद. अर्ध्या तासानं परत वाजला. "कायले खर्चले, हेही नाही?"

"हेही नाही."

या वेळी मामांनी फोन ठेवला नाही. मागं घरात कसलाच आवाज नव्हता. मला एकदम फार वाईट वाटलं. एवढा बोलका माणूस, आणि विचारायला त्याच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

"मंग तिनं जेवन केलं का नाही," ते हळूच म्हणाले, "हे इचारलं तं चालन का? आजवर मी कधी इचारलंच नाही."

"विचारा, मामा," अध्यक्ष या नात्यानं मी परवानगी दिली.