बाबांची नाडी, आईचा आकडा

चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नाही आणि पुराव्याशिवाय गोष्ट मानायची नाही, असा मी माणूस. बाभुळगावात माझं औषधांचं दुकान आहे. भूतखेत, अंगात येणं... असलं काही ऐकलं की हसू येतं. पण गेल्या वर्षी आमच्याच घरात जे घडलं, त्यावर मला हसता आलेलं नाही.

बाबा शिंपी. त्यांना बीपी निघाल्यावर मी दुकानातलं मशीन घरी आणलं. पण बाबा पट्टा बाहीवरूनच गुंडाळायचे, तोही चार बोटं सैल! "अंगाले सैल पाह्यजे बाप्पा, कापड आकसते." त्यात शिलाईवरून उठले की लगेच मोजणार, वर बडबड चालूच. मग कधी १६०, कधी १३०. शेवटी मी दम दिला — पाच मिनिटं टेकून बसा, दंड उघडा ठेवा, तोंड बंद. तरीही आकडे थोडे हलणारच, त्याला भ्यायचं नाही.

गंमत आईची. ती स्वयंपाकघरातून, न बघता, नाडी सांगायची. "आज अठ्ठ्याहत्तर." मशीनवर ७८! चहानंतर "आता चौऱ्यांशी" — ८४. मी म्हणायचो, बाबांच्या आवाजावरून अंदाज बांधत असेल.

एका दुपारी बाबा बसस्टँडजवळच्या त्यांच्या दुकानात होते. इकडे घरी आई भाकर थापता थापता थांबली. "तुह्या बाबाची नाडी अटकून राह्यली. त्यायले यवतमाळले ने."

मशीन घेऊन पळालो. बाबा मजेत काजं करत बसलेले! १२८/८०, नाडी ७४. वैतागून आईला फोन लावला, "काहून घाबरवतं?"

"मशीन राहू दे. तू ने."

तिचा शब्द मोडवेना, म्हणून नेलं. ईसीजीत ठोके मधूनच चुकत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. घरचं मशीन सरासरी दाखवतं, चुकलेला ठोका त्याला दरवेळी कळतोच असं नाही. मशीनचं समजलं हो... पण घरात बसून आईला कसं कळलं? आज बाबा आहेत ते तिच्यामुळे. मला तिचं फार कौतुक वाटतं, आणि उत्तर अजून सापडलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "मले काय माहीत? चाळीस वर्षं झाले, ऐकून राह्यली."

परवा सहज म्हटलं, "आई, माझी सांग ना."

"तुही मले आता नाही ऐकू येत. बायकोले इचार."

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक्क्याण्णव. बसा आधी पाच मिनिटं."

मशीन समोरच होतं. मी अजून लावून बघितलेलं नाही.