निष्कर्षाची चौकट

चौकटीबाहेर लोंबणारं अक्षर मला पाहवत नाही. दिग्रसला माझं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, शाळेची ओळखपत्रं, असलंच काम. पाटीवर एखादं नाव कडेला घासलेलं दिसलं की दिवसभर माझं डोकं फिरलेलं असतं. बायको म्हणते, "तुमाले माणसापेक्षा रेघ प्यारी." तेव्हा मी हसायचो.

तीन वर्षांपूर्वी एका रक्त तपासणी शिबिराची कार्डं माझ्याकडे आली. आमच्या भागात सिकल सेलचं दुखणं पुष्कळ. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर त्यांना स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण लेकराला तो आजार होण्याची भीती असते. माझ्या काकांचा मुलगा त्यातच गेला. तान्हा असताना आधी त्याच्या हातापायांचे पंजे सुजले, तिथून सुरुवात झाली. हातपाय दुखायला लागले की तो असा रडायचा की आम्ही जेवता जेवता थांबायचो. आमच्या बौद्ध घरांत जन्मपत्रिका तशीही कुणी पाहत नाही. आता लग्न जुळवताना मुलाचं आणि मुलीचं कार्ड शेजारी ठेवून पाहतात.

कार्डावर नाव, गाव आणि खाली 'निष्कर्ष' अशी चौकट. तिच्यात दोन ओळींची जागा. मी एसव्हीजी फाईल केली होती. ती कितीही मोठी केली तरी अक्षर फाटत नाही. पण तिच्यातला मजकूर चौकट ओळखत नाही. सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा रेघ ओलांडून सरळ चालत राहतो. म्हणून मी फाईलमध्येच एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करायचं, शब्दांची लांबी मोजायची, रुंदी संपली की खाली उतरायचं.

नमुन्याच्या एका कार्डावर तिसरी ओळ चौकटीखाली आली. शिबिराच्या सरांनी नाक मुरडलं. अक्षर जरा लहान केलं असतं तर काम झालं असतं. पण मग एका कार्डाचं अक्षर मोठं, दुसऱ्याचं बारीक. ते मला कसं चालावं? मी त्या वाक्यातले दोन शब्द काढले आणि फाईलला नियम घातला की चौकटीबाहेर जे पडेल ते दिसायचंच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

फाईल आणि नावं-निष्कर्षांची यादी यवतमाळच्या छापखान्यात गेली. यादीवरून एकेक कार्ड तिथल्याच कॉम्प्युटरवर भरलं जाणार होतं. छापलेले गठ्ठे आले तेव्हा वरवर चार कार्डं पाहिली. एकही अक्षर बाहेर नव्हतं. मी खूश झालो.

या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला दारव्ह्याचं स्थळ आलं. बहीण वाहक आहे हे आम्हाला ठाऊक होतं. मुलगा तिला आवडला होता, हे ती लपवत होती आणि तिला ते जमत नव्हतं. पाहुण्यांसमोर चहा ठेवण्याआधी आईनं म्हटलं, "पहिले कार्ड दाखवा. मग बाकीचं बोलू." मुलाच्या वडिलांनी खिशातून त्याच शिबिराचं कार्ड काढलं. आईनं ते माझ्या हातात दिलं.

मी मोठ्यानं वाचलं, "तपासणीत स्पष्ट दोष दिसला नाही." आईनं पदरानं तोंड पुसलं आणि साक्षगंधाच्या तारखेची गोष्ट काढली.

माझी नजर मात्र कार्डावरून हलेना. हे वाक्य माझ्या कॉम्प्युटरवर एका ओळीत बसायचं. इथे 'दिसला नाही' खालच्या ओळीवर उतरलं होतं. अक्षरही माझं नव्हतं, जाडं होतं. छापखान्यात माझा फॉन्ट नसणार. तिथल्या कॉम्प्युटरनं आपल्या मनानं दुसरा घेतला असणार. एका वाक्यानं दोन्ही ओळी खाल्ल्या होत्या. मग या मुलाचं दुसरं वाक्य असेल तर ते कुठे गेलं? पाहुण्यांना पेढे देताना मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

ते गेल्याबरोबर दुकानात जाऊन यादी उघडली. त्याच्या नावापुढे दोन वाक्यं होती. "तपासणीत स्पष्ट दोष दिसला नाही. नमुना अपुरा, रक्त पुन्हा तपासावे." अर्धी अक्षरं कापली गेली असती तरी कुणाला शंका आली असती. माझ्या नियमानं ओळ अख्खी गेली होती, स्वच्छ.

आईच्या आधी मी बहिणीला सांगितलं. ती ओट्याशी कप धूत होती. म्हणाली, "त्याईले सांग. रक्त पुन्हा पाहू द्या."

मुलानं मुकाट्यानं तपासून घेतलं. तो वाहक निघाला. नाही म्हणायला तिला दोन दिवस लागले. "काकाच्या घरचा आवाज मले अजून ऐकू येते, दादा," म्हणाली. मग डोळे पुसून विचारलं, "तुह्या यादीत असे अजून किती आहेत?"

सरांना फोन केला. चूक छापखान्याची आहे, असं ते म्हणाले. ज्यांच्यापुढे दोन वाक्यं होती ती नावं मी कागदावर उतरवली, मोटारसायकल काढली आणि आर्णीकडच्या गावांपासून सुरुवात केली. पहिल्या घरचा माणूस शेतात गेला होता. त्याची बायको बाहेर आली, कडेवर वर्षाच्या आतलं लेकरू. मी म्हणालो, "तुमच्या मालकाचं कार्ड पाहायचं होतं, ताई."

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कार्डं काढली. "मी वाहक आहे नं भाऊ," ती म्हणाली, "म्हणून याईचं कार्ड आम्ही दोनदा वाचून घेतलं होतं. साफ आहे."

लेकरू किरकिरत होतं. दोन्ही हातांचे पंजे फुगले होते. तिनं ते माझ्यापुढे धरले. "शिबिरातले आहा तं हे पाहून सांगा," ती म्हणाली. "चार दिवस झाले, कायनं सुजले ते समजून नाही राह्यलं."