खाजण उर्फ लुईझियाना

१२ मे. गच्चीवर आमसुलांसाठी रातांब्याच्या सालांना दुसरं पुट देत होते. सालं मिठाच्या रसात बुडवायची, निथळायची आणि ताटांत पसरायची. कोपरापर्यंत हात लाल होतात, मध्ये फोनही घेता येत नाही. लेक जिन्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, माझं अकाउंट सगळ्यांना दिसेल असं करावं लागणार आहे. मुलाखतीच्या आधी."

"कसलं अकाउंट?"

"नकाशांचं."

तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नकाशाशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला होता. व्हिसाची मुलाखत पुढच्या आठवड्यात मुंबईत. जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी इंटरनेटवर काय काय टाकलंय ते अधिकाऱ्यांना बघता यायला हवं, असा आता नियम आहे. ती नकाशे काढते हे मला ठाऊक होतं. कसले काढते ते मी कधी विचारलं नव्हतं. पोरगी घरात बसून काही करते आहे, डोळे बिघडवते आहे, एवढंच माझं लक्ष.

"त्यात लपवण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या राज्यांची नावं वेगळी असती तर, असे नकाशे आहेत."

मी हात धुतले आणि खाली आले. उरलेली सालं तशीच राहिली तर खराब होतील, हे तेव्हा सुचलं नाही.

कोर्टाजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. पासपोर्ट, पॅन, आखातात जाणाऱ्यांचे कागद. एवढ्या वर्षांत या धंद्याने मला एकच गोष्ट शिकवली: सगळ्या कागदांवर नाव एकच हवं. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव एक आणि आधारवर दुसरं म्हणून दुबईची ठरलेली नोकरी गेलेली पोरं मी पाहिली आहेत. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून रडलेली. आणि माझ्या पोटची पोर जिथे जायचं त्या देशाच्याच नावांत फेरफार करून जगापुढे मांडत होती.

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा सगळे नकाशे मोठ्या स्क्रीनवर बघितले. काही नावं खरीच निघाली. फ्रँकलिन नावाचं राज्य डोंगराकडच्या लोकांनी स्वतःच जाहीर केलं होतं, काही वर्षं चालवलंही. ते टिकलं असतं तर टेनेसी कसं दिसलं असतं, असा एक नकाशा. ओक्लाहोमाच्या पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांनी सिकोया नावाचं आपलं राज्य मागितलं होतं, ते दिल्लीसारखं त्यांचं जे वरचं सरकार, त्याने दिलं नाही. ते दिलं असतं तर, असा दुसरा. डच गेलेच नसते तर न्यूयॉर्कचं काय, रशियाने अलास्का विकलंच नसतं तर तिथलं नाव काय. प्रत्येकाखाली तिने नीट कारण लिहिलं होतं. कारणं मला पटलीही असती, पण मी व्हिसा अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी बघत होते.

शेवटचा नकाशा आमचा होता. म्हणजे, आमच्याकडची माणसं तिथे आधी पोचली असती आणि आम्ही जशी जमिनींना नावं देतो तशी त्यांनी दिली असती तर. लुईझियानाचं खाजण, कारण तिथेही खाडीचं पाणी आत शिरतं. नेवाडाचा कातळ. कोलोरॅडोचा घाटमाथा. कॅन्ससचा मळा. सगळ्यात जास्त लोकांना आवडलेला हाच. त्याखाली तिथल्याच कुणीतरी लिहिलं होतं: आमचा देश वाटून घ्यायचा विचार आहे का? हिने उत्तरादाखल हसरा चेहरा टाकला होता. हसरा चेहरा म्हणजे काही खुलासा नव्हे.

घरी जाऊन मी सांगितलं, "काढून टाक सगळे."

"नाही काढता येणार. प्रवेशाच्या निबंधात मी यांच्यावरच लिहिलंय. अकाउंटचा पत्ता दिलाय. आता काढले तर म्हणतील, निबंधात आहेत आणि इथे नाहीत, असं कसं?" मग तिने माझ्याकडे बघून सावकाश म्हटलं, "कागद जुळायला हवेत ना?"

वाक्य माझंच होतं.

नवरा पोफळीला वीजकेंद्रात आहे, शनिवारी येतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "तू उगाच घाबरतेस. त्यांना दुसरी कामं नाहीत?" ज्याला स्वतःचा रेशनकार्डाचा अर्ज कधी भरावा लागला नाही, त्याच्या धीराला मी धीर म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात पूर्णगडचे चाचा आले होते, नातवाचा पासपोर्ट नवा करायला. आयुष्यभर मालवाहू बोटीवर होते. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"काय झालं, बाय? तोंड सुकलंय."

मी सांगितलं. त्यांनी खाजण बघितलं, कातळ बघितला आणि पोटभर हसले.

"बरोबर केलंन पोरीने. न्यू ऑर्लिन्सला आमची बोट लागलेली. चिखल तसाच, वास तसाच. फक्त कालवणाला तिसऱ्या नाही मिळाल्या."

"चाचा, तुम्ही हसताय. त्या अधिकाऱ्याला राग आला तर?"

"त्याला खाजण म्हणजे काय ते कोण सांगणार? तूच नाही ना सांगणार?" म्हणाले, आणि नातवाचे फोटो माझ्यापुढे सरकवले.

चाचा गेले आणि मला एकदम मार्ग दिसला. नाव जुळत नसलं की आमच्याकडे काय करतात? प्रतिज्ञापत्र. 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.' अशी मी शेकड्यांनी केली आहेत आणि मस्कतपासून कतारपर्यंत चालली आहेत. मी स्टँप पेपर काढला आणि इंग्रजीत टाईप करायला बसले: मी, खाली सही करणार, प्रतिज्ञेवर सांगते की माझ्या नकाशात 'खाजण' असे दाखवलेले राज्य व लुईझियाना हे एकच असून, 'कातळ' व नेवाडा हे एकच असून... अशी सगळी नावं. शेवटी: सदर नावे केवळ अभ्यासासाठी वापरली असून त्या राज्यांवर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही.

नोटरी वकील समोरच बसतात. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ताई, हे राज्यपालांनी करायचं काम आहे."

"तुम्ही शिक्का मारा."

"मारतो. पण वारसांचं काढा हो. उद्या तुमचा नातू नेवाडात वाटा मागायला गेला तर अडकेल."

वारसांचं काढलं. सही करायला लेकीला बोलावलं तेव्हा तिने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.

"आई, हसतील मला."

"हसू देत. हसले म्हणून अर्ज फेटाळत नाहीत."

तिने सही केली. मला वाटतं, वाद घालण्यापेक्षा सही सोपी म्हणून केली. फाइलमध्ये कागद मी स्वतः घातला, प्रवेशपत्राच्या लगेच मागे.

मुलाखतीच्या आदल्या रात्री ती मुंबईच्या बसने गेली, बाप वाटेत चिपळूणला चढला. मुलाखतीच्या दिवशी मी दुकान उघडलं, पण एका बाईच्या पॅनच्या अर्जात तिच्या नवऱ्याची जन्मतारीख घातली, ती चूक तिनेच दाखवून दिली. वकिलातीत आत फोन नेता येत नाही. नवऱ्याला किती वेळा विचारलं असेल, तो प्रत्येक वेळी एकच सांगे, "अजून आतच आहे." तिच्या आधी आत गेलेली मुलं बाहेर येऊन पेढे वाटून गेली, हेही त्याने सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

दुपारी तिचा फोन आला. आवाज सरळ होता, म्हणून मी अधिकच घाबरले.

"प्रवेशपत्र मागितलं. ते काढताना तुझा कागदही बाहेर आला. लाल शिक्का दिसला ना, त्याने तो मागून घेतला. सगळा वाचला."

"हसला?"

"नाही. हे कुणी करायला सांगितलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आईने. मग त्याने बराच वेळ टाईप केलं."

"पुढे?"

"पुढे चिठ्ठी दिली. आणखी तपासणी लागेल, कळवू. पासपोर्ट ठेवून घेतला."

"नकार नाही ना?"

"नकार नाही. होकारही नाही."

"किती दिवस?"

"ते सांगत नाहीत, आई."

अशी चिठ्ठी नकाशे न काढणाऱ्या पोरांनाही मिळते, हे मला नंतर चौकशी करून कळलं. तिला माझ्या कागदामुळे मिळाली, नकाशांमुळे मिळाली, की नुसती मिळायची म्हणून मिळाली, हे सांगायला कुणी बांधील नाही. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान भांडण करता आलं असतं. कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होणार होतं.

ती घरी आली, आंघोळ करून जेवली आणि झोपली. मी तिची फाइल उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर मी तिला उठवलं आणि कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"विद्यापीठाला लिही. व्हिसाला उशीर झाला तर प्रवेश जानेवारीत सरकवता येतो का, विचार."

"आधी काय होतंय ते बघू या."

"झाल्यावर विचारायला सगळेच जातात. लिही."

तिने लिहिलं. मी मागे उभी राहून पासपोर्टावरचं नाव आणि पत्राखालचं नाव दोनदा ताडून बघितलं, पाठव म्हटलं, आणि दुकान उघडायला गेले.